पाळीचे दिवस मागून मोजायचे असतात

पाळीच्या एकविसाव्या दिवशी रक्त द्यायचं. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक चांगलं आलं तर स्त्रीबीज सुटलं, कमी आलं तर सुटलंच नाही. मूल हवं म्हणून तपासण्या सुरू करणाऱ्या कित्येक जणींना एवढंच सांगितलं जातं, मलाही तेच सांगितलं होतं. माझा आकडा आला ०.७. 'ओव्हुलेशन होत नाही' असं निदान लिहिलं गेलं आणि त्याच कागदावर खाली गोळ्या.

माझी पाळी पस्तीस-छत्तीस दिवसांनी येते. वयात आल्यापासून तशीच येते, कधी दोन दिवस इकडे, कधी दोन दिवस तिकडे. केसपेपरच्या पहिल्याच ओळीत हे लिहिलेलं होतं, पण त्या ओळीचा आणि एकविसाव्या दिवसाचा संबंध कुणी लावला नाही. नंतर मी ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी तो बसल्याबसल्या लावला. रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचून म्हणाल्या, "आकडा खरा आहे. फक्त तो ज्या दिवशी काढलाय, त्या दिवशी तो एवढाच असणार. गोळ्यांचं नंतर बघू. आधी एक अख्खी पाळी काहीही न देता नुसती बघूया."

त्या एका पाळीत जे बघायला आणि समजायला मिळालं ते इथे लिहिते आहे. शाळेत आम्हाला अठ्ठावीस दिवसांची एक आकृती शिकवली होती, चौदाव्या दिवसावर उभी रेघ मारलेली. ती रेघ सगळ्यांसाठी तिथेच असते असं मी इतकी वर्षं धरून चालले होते, आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेक जणी अजूनही धरून चालतात. म्हणूनच हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

सुरुवात पाळीच्या दुसऱ्या दिवशी रक्त देण्यापासून झाली. एफएसएच आणि एलएच (मेंदूकडून अंडाशयाला जाणारी दोन संप्रेरकं), इस्ट्राडिओल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार), थायरॉईडसाठी टीएसएच आणि प्रोलॅक्टिन. रक्त घेण्याआधी थोडा वेळ शांत बसवून ठेवलं, कारण सुईच्या धास्तीनेही प्रोलॅक्टिन वाढतं, आणि ते वाढलेलं असलं की मेंदूकडून अंडाशयाला जाणारे निरोप मंदावतात. पाळीचे पहिले दोन-तीन दिवसच का निवडतात, हे मी विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं ते असं : या दिवसांत अंडाशय जवळजवळ गप्प असतं. आधीच्या चक्रातलं पीतपिंड (बीज सुटल्यावर मागे उरलेल्या पिशवीपासून बनणारी, प्रोजेस्टेरॉन तयार करणारी गाठ) सुकलेलं असतं, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही तळाला गेलेले असतात. त्यामुळे मेंदूला अंडाशयाकडून काम करून घ्यायला किती जोर लावावा लागतो, ते एफएसएचच्या आकड्यात स्वच्छ दिसतं. जोर फार लागत असेल तर आकडा चढा येतो. मात्र तो इस्ट्राडिओलच्या सोबतीनेच वाचायचा, कारण इस्ट्राडिओल आधीच वाढलेलं असेल तर ते एफएसएचला दाबून टाकतं आणि आकडा उगाच चांगला दिसतो.

हे दाबून टाकणं हाच सगळ्या चक्राचा पाया आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस, त्याच्याखाली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी आणि ओटीपोटात दोन अंडाशयं. हायपोथॅलॅमस जीएनआरएच हे संप्रेरक सोडतो, त्याच्या हुकमाने पिट्युटरी एफएसएच आणि एलएच सोडते, ते रक्तातून अंडाशयात पोचतात आणि अंडाशय इस्ट्रोजेन तयार करतं. इस्ट्रोजेन पुरेसं झालं की ते वर जाऊन पिट्युटरीला आवरतं. पाण्याची टाकी भरली की बॉलकॉक वर येऊन नळ बंद करतो, तसंच.

जीएनआरएच सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतं. चक्राच्या पहिल्या टप्प्यात साधारण तासा-दीड तासाला एक ठोका, स्त्रीबीज सुटल्यानंतर तीन-चार तासांनी एक. अर्न्स्ट नोबिल यांनी १९७०च्या दशकात ऱ्हीसस माकडांवर प्रयोग करून दाखवलं, की हे संप्रेरक तासाला एकदा या बेताने दिलं तर एफएसएच आणि एलएच व्यवस्थित स्रवतात, आणि सलग धार लावली तर दोन्ही थंडावतात. म्हणजे निरोप तोच असला तरी कोणत्या लयीत येतो यावर सगळं अवलंबून. वजन फार घटलं, व्यायामाचा अतिरेक झाला किंवा दीर्घकाळ ताण राहिला की ही लय मंदावते आणि पाळी लांबते, कधी थांबतेही. डॉक्टरांनी पहिल्या भेटीत माझं जेवण, झोप, वजन यांची एवढी चौकशी का केली, ते मला तेव्हा कळलं.

माझे पाचही आकडे ठीक आले.

मग फॉलिक्युलर स्टडी सुरू झाली. म्हणजे ठरावीक दिवसांनी योनीमार्गातून सोनोग्राफी करून स्त्रीबीजाच्या वाढीवर लक्ष ठेवायचं. लघवी करून मूत्राशय रिकामं करायचं, पाय दुमडून झोपायचं, आवरण चढवलेला सडपातळ प्रोब आत घेतात. दुखत नाही, अवघडल्यासारखं होतं, आणि अंग सैल सोडलं तर तेही कमी होतं. पहिल्यांदा जाणाऱ्या बाईला हे कुणीतरी आधी सांगायला हवं. पडदा माझ्याकडे वळवा अशी मी विनंती केली आणि त्यांनी लगेच वळवला. कुणीही मागावं, यात संकोच करण्यासारखं काही नाही.

पडद्यावर अंडाशय करड्या रंगाचं दिसतं आणि त्यात काळे गोल ठिपके. काळं म्हणजे पाणी. प्रत्येक ठिपका म्हणजे एक फॉलिकल, स्त्रीबीज ज्यात वाढतं ती इवलीशी पाण्याची पिशवी. स्त्रीबीज स्वतः या सोनोग्राफीत दिसत नाही, ते मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाएवढं असतं. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख स्त्रीबीजं असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि उभ्या आयुष्यात सुटतात ती चारशेच्या आसपास. बाकीची वाढायला लागून किंवा न लागताच विरून जातात. पडद्यावर जे ठिपके मी बघत होते त्यांची वाढही या पाळीला सुरू झालेली नव्हती, शेवटच्या टप्प्यातल्या वाढीलाच जवळजवळ तीन महिने लागतात.

बाराव्या दिवशीच्या सोनोग्राफीत दोन्हीकडे बारीक ठिपके होते, एकही दहा मिलिमीटरचा नव्हता. अठ्ठावीस दिवसांच्या हिशोबाने पाहिलं तर दोन दिवसांत बीज सुटायला हवं आणि इथे कशाचाच पत्ता नाही. त्या दिवशी मी खरोखर घाबरले. डॉक्टर शांत होत्या. "तुमच्या छत्तिसातून चौदा वजा करा," म्हणाल्या, "आपल्याला अजून बराच वेळ आहे."

हे चौदा शेवटाकडून मोजायचे असतात. १९२०च्या दशकात जपानमध्ये क्यूसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियात हर्मन क्नाऊस यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवून दिलं की बीज सुटण्याच्या दिवसाचा मेळ पुढच्या पाळीशी बसतो, आधीच्या पाळीशी नाही. बीज सुटल्यावरचा टप्पा बहुतेकींमध्ये दोन आठवड्यांच्या आसपास असतो. एकीची पाळी पंचवीस दिवसांची आणि दुसरीची छत्तीस, हा फरक मुख्यतः पहिल्या टप्प्यातला, फॉलिकल तयार व्हायला किती वेळ लागतो त्यातला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा लाखांहून अधिक चक्रांच्या नोंदी तपासल्या. त्यात चक्राची सरासरी लांबी २९.३ दिवस आली, पहिला टप्पा सरासरी १६.९ दिवसांचा आणि दुसरा १२.४ दिवसांचा. चौदावा दिवस सरासरीतसुद्धा बसत नाही.

पुढच्या सोनोग्राफीत उजव्या अंडाशयात एक ठिपका बाकीच्यांपेक्षा मोठा दिसला. ११ मिलिमीटर. निवड झाली होती. ही निवड कशी होते ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत सुंदर वाटतं. पाळीच्या सुरुवातीला एफएसएच वाढतं आणि त्यावर बरीच फॉलिकल्स एकदम वाढायला लागतात. त्यांच्या बाहेरच्या थरातल्या पेशी एलएचच्या प्रभावाखाली पुरुषी संप्रेरकं बनवतात, आणि आतल्या थरातल्या पेशी एफएसएचच्या जोरावर त्यांचंच इस्ट्रोजेन करतात. (बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन पुरुषी संप्रेरकातून तयार होतं, हे मला माहीतच नव्हतं.) फॉलिकल्स वाढली की इस्ट्रोजेन आणि त्यांच्यातूनच स्रवणारं इनहिबिन हे संप्रेरक वाढतं, ते पिट्युटरीला आवरतं आणि एफएसएच उतरायला लागतं. आता सगळ्यांना पुरेल एवढं एफएसएच नाही. ज्या फॉलिकलने आपल्या पेशींवर एफएसएच पकडण्याच्या जागा सर्वांत जास्त तयार केल्या आहेत, ते एवढ्याशावरही वाढत राहतं. बाकीची सुकतात. म्हणून बहुतेक वेळा एकच बीज पिकतं.

तिथून वाढ भराभर झाली, दिवसाला साधारण दोन मिलिमीटर. दर वेळी डॉक्टर त्या काळ्या गोलावर आडवी आणि उभी अशा दोन तुटक रेघा ओढायच्या आणि दोन्हींची सरासरी लिहायच्या. मग प्रोब किंचित फिरवून गर्भाशयाचं अस्तर. पाळी संपता संपता ते पातळ रेघेसारखं होतं, आता इस्ट्रोजेनवर वाढून ९ मिलिमीटरला पोचलं होतं आणि त्यात तीन रेघा उठून दिसत होत्या, कडेच्या दोन आणि मधली एक. डॉक्टर त्याला 'ट्रिपल लाइन' म्हणतात. याच दिवसांत योनीतला स्राव पारदर्शक, ओलसर आणि बोटांत धरला तर तार निघेल असा झाला. तेही इस्ट्रोजेनचंच काम. एरवी घट्ट असलेला हा स्राव शुक्राणूंना वाट देण्यासाठी पातळ होतो. इतकी वर्षं असा स्राव दिसला की मला तो आजार वाटायचा.

एलएचची पट्टीही मी रोज वापरत होते. ती सकाळच्या पहिल्या लघवीवर न करता दुपारी करायची, आणि आधीचे दोनेक तास पाणी कमी प्यायचं. एलएचची उसळी पुष्कळदा पहाटे सुरू होते आणि लघवीत उतरायला काही तास लागतात. पट्टीवर दुसरी रेघ नुसती उमटली म्हणून भागत नाही, ती शेजारच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद असावी लागते. फिकी रेघ जवळजवळ रोजच येते, कारण एलएच थोडंफार नेहमीच असतं. पीसीओएस (अंडाशयात बरीच बारीक फॉलिकल्स साचून राहण्याचा संप्रेरकांचा विकार) असलेल्यांमध्ये ते मुळातच चढं असू शकतं, त्यामुळे त्यांना नुसत्या पट्टीवर विसंबून चालत नाही.

मग एकविसावा दिवस उजाडला. आधीच्या वेळी ज्या दिवशी रक्त घेऊन 'बीज सुटत नाही' असं सांगितलं होतं, तोच. सोनोग्राफीत फॉलिकल २०.५ मिलिमीटर, गोल, काळंभोर, अखंड. बीज अजून आतच होतं. प्रोजेस्टेरॉन तयार करणारं पीतपिंड हे बीज सुटून गेल्यावर त्याच फॉलिकलपासून बनतं. त्याआधी रक्तात प्रोजेस्टेरॉन मिलिलिटरमागे एक नॅनोग्रॅमच्या आसपास किंवा खालीच असायचं. माझं ०.७ अगदी बरोबर होतं. दुपारी पट्टीवरची रेघ गडद झाली.

इथे टाकीचा नियम मोडतो. इस्ट्रोजेन पिट्युटरीला आवरतं असं आतापर्यंत चाललं होतं, पण पिकलेलं फॉलिकल इतकं इस्ट्रोजेन ओततं की रक्तातली पातळी मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या वर जाते, आणि ती तिथे जवळजवळ दोन दिवस टिकली की तेच इस्ट्रोजेन पिट्युटरीला उलट चेतवतं. एलएच उसळतं. उसळी सुरू झाल्यापासून साधारण ३६ तासांत फॉलिकल फुटतं. याचा अर्थ दिवस ठरवतं ते फॉलिकल. ते पिकलं की मगच वर कळतं की वेळ झाली. कॅलेंडरला यात काहीच जागा नाही. मला हे कळलं तेव्हा फार हलकं वाटलं. माझं शरीर उशीर करत नव्हतं, त्याच्या फॉलिकलला जेवढे दिवस लागतात तेवढे घेत होतं.

दुसऱ्या दिवशी रात्री उजव्या बाजूला ओटीपोटात बोचल्यासारखं दुखलं आणि तासाभरात थांबलं. त्यानंतरच्या सोनोग्राफीत तो काळा गोल गेला होता. त्या जागी आक्रसलेली, कडा वेड्यावाकड्या झालेली, आतून धुरकट अशी एक पिशवी, आणि गर्भाशयाच्या मागे थोडंसं पाणी साचलेलं. डॉक्टर म्हणाल्या, "फुटलं." एवढा एक शब्द ऐकायला मी किती महिने थांबले होते! तिथेच रडू आलं आणि त्यांनी रडू दिलं.

नंतरचे दिवस प्रोजेस्टेरॉनचे. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मी तापमान मोजत होते. दोन दशांश स्थळं दाखवणारं थर्मामीटर, आणि त्याआधी निदान तीन तास सलग झोप. बीज सुटल्यावर ते ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढलं आणि चढंच राहिलं. प्रोजेस्टेरॉन मेंदूतल्या तापमान-केंद्रावर परिणाम करतं म्हणून हे होतं. पण वाढ मागाहून दिसते, त्यामुळे बीज सुटून गेल्याचं कळतं, सुटणार असल्याचं कळत नाही. स्राव पुन्हा घट्ट झाला. अस्तरातल्या तीन रेघा पुसल्या जाऊन ते सोनोग्राफीत एकसारखं पांढुरकं दिसायला लागलं. म्हणजे इस्ट्रोजेनने जे वाढवलं, ते गर्भ रुजण्याजोगं करण्याचं काम आता प्रोजेस्टेरॉन करत होतं. दुपारी झोप यायची. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात तयार होणारा एक घटक मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या यंत्रणेवर काम करतो. काही जणींना त्याने सुस्ती येते, काहींची उलट चिडचिड होते.

बीज सुटून सात दिवस झाले तेव्हा, म्हणजे माझ्या एकोणतिसाव्या दिवशी, रक्त दिलं. प्रोजेस्टेरॉन १२.८ नॅनोग्रॅम. तीनच्या वर असलं की बीज सुटलं असं मानतात. मी लगेच विचारलं की बारा चांगलं की वीस चांगलं. डॉक्टरांनी हातानेच थांबवलं. या टप्प्यात प्रोजेस्टेरॉनही ठोक्याठोक्याने स्रवतं, काही तासांत त्याची पातळी कित्येक पटीने खालीवर होते. त्यामुळे हा एक आकडा 'सुटलं' एवढंच सांगतो, किती छान सुटलं ते सांगत नाही.

मुळात एवढंसं काही मोजता येतं हेच मला अद्भुत वाटतं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. रक्तातली संप्रेरकं इतक्या सूक्ष्म प्रमाणात मोजण्याची किरणोत्सारी पद्धत रोझालिन यालो यांनी सॉलोमन बर्सन यांच्याबरोबर विकसित केली. त्यासाठी यालो यांना १९७७चं नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षीच्या त्या पारितोषिकाचे दुसरे दोन मानकरी होते रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली, हायपोथॅलॅमसच्या संप्रेरकांचा छडा लावणारे.

त्या महिन्यात गर्भ राहिला नाही. राहिला असता तर गर्भाकडून येणाऱ्या एचसीजीने पीतपिंडाला जगवलं असतं. तसा निरोप आला नाही की पीतपिंड दोन आठवड्यांत सुकतं, प्रोजेस्टेरॉन कोसळतं, अस्तराच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, प्रोस्टाग्लँडिन सुटून गर्भाशय आवळायला लागतं आणि पाळी येते. कळा येतात त्या या प्रोस्टाग्लँडिनमुळे. पाळी आली त्या सकाळी तापमान उतरलेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलेल्याच दिवशी आली, आणि वाईट वाटत असतानाही त्या बरोबर आलेल्या हिशोबाचा मला आधार वाटला.

गोळ्यांची चिठ्ठी त्यांनी फाईलमध्ये तशीच ठेवली. त्या गोळ्या लेट्रोझोलच्या होत्या. पुरुषी संप्रेरकाचं इस्ट्रोजेन होऊ न देऊन त्या मेंदूला जास्त एफएसएच सोडायला लावतात. ज्यांचं बीज खरोखर सुटत नाही त्यांच्यासाठी ते फार उपयोगी औषध आहे. माझं सुटत होतं. मला गरज होती ती योग्य दिवस माहीत असण्याची, आणि नवऱ्याची तपासणी व्हायची राहिली होती ती करून घेण्याची.

धाकट्या बहिणीला हे सगळं सांगितलं तेव्हा तिने आधी स्वतःचं विचारलं. तिची पाळी सव्वीस दिवसांची. रक्त पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी द्यायचं असतं. सव्वीसातून सात गेले, तिने एकोणिसाव्या दिवशी द्यायचं. तिची मैत्रीण कधी तीस तर कधी पंचेचाळीस दिवसांनी बसते. तिला कोणतीच एक तारीख लागू पडत नाही. तिने एकदा रक्त देऊन आकडा कमी आला तर दर आठवड्याला पुन्हा द्यायचं, पुढची पाळी येईपर्यंत. बहिणीने तिला तिथूनच फोन लावला.